हेलियम-८ चा न्यूक्लियस मोजताना: तासाला तीस अणू आणि एक अवघड वजाबाकी

ही एका खऱ्या प्रयोगाची केस आहे. प्रयोगशाळांची नावं आणि आकडे दिलेत, टीममधल्या माणसांची नावं मात्र मुद्दाम दिलेली नाहीत, कारण मला त्यांनी कुठल्या वळणावर काय ठरवलं ते दाखवायचंय. न्यूक्लियर फिजिक्स शिकणाऱ्यांना "लेझरने न्यूक्लियसचा आकार मोजतात" हे वाक्य माहीत असतं, पण तो आकडा नेमका कुठून येतो आणि कुठे घसरू शकतो हे फारसं कोणी सांगत नाही, आणि मला तोच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

पार्श्वभूमी

आपल्याला माहीत असलेला हेलियम म्हणजे हेलियम-४, दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन, इतका घट्ट बांधलेला की त्यातून एक न्यूट्रॉन ओढून काढायला २० एमईव्हीच्या (एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट, न्यूक्लियसमधली एनर्जी मोजायचं एकक) वर एनर्जी लागते. त्यात एक न्यूट्रॉन वाढवला तर हेलियम-५ टिकतच नाही. पण दोन वाढवले तर हेलियम-६ टिकतो, हाफ लाइफ (म्हणजे निम्मे अणू मोडायला लागणारा वेळ) ८०७ मिलिसेकंद. हेलियम-७ परत टिकत नाही आणि हेलियम-८ टिकतो, ११९ मिलिसेकंद. म्हणजे न्यूट्रॉन जोडीने आले तरच घरात घेतात असा प्रकार. हेलियम-६ मधले बाहेरचे दोन न्यूट्रॉन तर जेमतेम १ एमईव्हीवर लटकलेले असतात, आणि हेलियम-८ मध्ये दोन प्रोटॉनमागे सहा न्यूट्रॉन, बांधलेल्या न्यूक्लियसमध्ये एवढं प्रमाण दुसरीकडे कुठेच नाही.

१९८५ च्या सुमारास बर्कलीत तानिहाता आणि सहकाऱ्यांनी असले हलके न्यूक्लियस टार्गेटवर आपटून किती वेळा रिअॅक्शन होते ते मोजलं आणि त्यावरून एकूण मॅटर रेडियस काढला. हेलियम-६ आणि हेलियम-८ दोन्ही फुगलेले निघाले, दोघंही साधारण २.५ फेम्टोमीटर, एकमेकांच्या अगदी जवळ. (१ फेम्टोमीटर म्हणजे मीटरचा १००० अब्जावा भाग आणि त्याचाही हजारावा.) पण मॅटर रेडियस म्हणजे प्रोटॉन न्यूट्रॉन सगळे एकत्र, त्यातून बाहेरचे न्यूट्रॉन कसे बसलेत, एका बाजूला गठ्ठा करून की सगळीकडे पसरून, ते कळत नाही.

ते कळतं चार्ज रेडियसमधून, म्हणजे फक्त प्रोटॉन कुठवर पसरलेत त्यावरून. आता कोणी म्हणेल जादा आलेत ते न्यूट्रॉन, त्यांनी प्रोटॉनचा पसारा का बदलावा? मोठा माणूस लहान मुलीशी फुगडी घालतो तेव्हा मुलगी मोठा फेर घेते पण मोठा माणूसही जागच्या जागी राहत नाही, तोही छोटा फेर घेतोच, आणि चारही बाजूंनी मुलं धरून फिरली तर तो बराचसा मध्येच राहतो. हेलियमच्या आतला घट्ट गाभा म्हणजे तो मोठा माणूस. बाहेरचे दोन न्यूट्रॉन बराच वेळ एकाच बाजूला असतील तर गाभा हलतो, प्रोटॉन गाभ्यातच असल्यामुळे चार्ज पसरट दिसतो. म्हणून प्रश्न असा होता: हेलियम-६ चा चार्ज रेडियस हेलियम-४ पेक्षा किती मोठा, आणि हेलियम-८ चा त्याहून मोठा की उलट लहान?

हा प्रश्न घेतला शिकागोजवळच्या आर्गॉन नॅशनल लॅबोरेटरीतल्या टीमने. त्याच लॅबमध्ये न्यूक्लियॉनमधल्या (म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनमधल्या) फोर्सपासून सुरुवात करून हलके न्यूक्लियस गणिताने उभे करणारे थिअरीवाले होते, म्हणजे आकडा आला की लगेच ताडून बघायची सोय होती. आणि या टीमकडे आधीच एक कला होती, लेझर ट्रॅपमध्ये एकेक अणू पकडून मोजायची. क्रिप्टॉन-८१ चे मोजके अणू असे मोजून त्यांनी इजिप्तच्या वाळवंटाखालच्या भूजलाचं वय काढायच्या कामात भाग घेतला होता. सेकंदभरही न टिकणाऱ्या अणूवर काम करायचा धीर त्या अनुभवातून आला असावा असं मला वाटतं.

अडचण

टिकाऊ न्यूक्लियसचा चार्ज रेडियस काढायचा तर इलेक्ट्रॉन त्यावर मारून ते कसे विखुरतात ते बघतात. पण अर्ध्या-पाव सेकंदात मरणाऱ्या अणूंचं टार्गेट बनवणार कसं? मग राहतो अणूचाच स्वतःचा इलेक्ट्रॉन. तो थोडा वेळ न्यूक्लियसच्या आतही असतो, त्यामुळे न्यूक्लियसचा आकार बदलला की अणूच्या स्पेक्ट्रममधल्या रेषेची फ्रीक्वेन्सी किंचित सरकते. दोन आयसोटोपच्या (प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉनची संख्या वेगळी असे अणू) रेषेतल्या फरकाला आयसोटोप शिफ्ट म्हणतात.

इथेच खरी गोम आहे. आयसोटोप शिफ्टमध्ये दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, न्यूक्लियसचं वजन बदललं म्हणून होणारा बदल, मास शिफ्ट. दुसरी, आकार बदलला म्हणून होणारा, फील्ड शिफ्ट. जड अणूंमध्ये फील्ड शिफ्ट दणदणीत असतो, हलक्यांमध्ये मास शिफ्ट सगळं व्यापून टाकतो. हेलियमच्या ३८९ नॅनोमीटरच्या रेषेवर हेलियम-६ आणि हेलियम-४ मधला एकूण फरक सुमारे ४३,१९५ मेगाहर्ट्झ, हेलियम-८ साठी सुमारे ६४,७०० मेगाहर्ट्झ, आणि त्यातला आकारामुळे आलेला वाटा साधारण १ ते दीड मेगाहर्ट्झ.

म्हणजे एकूण फरक मोजायचा, मास शिफ्ट थिअरीने काढायचा, एकातून दुसरा वजा करायचा आणि जे उरेल त्यात उत्तर. रेडियस एक-दीड टक्क्याने हवा असेल तर उरलेला आकडा ०.१ मेगाहर्ट्झच्या आत बरोबर हवा. शिवाय रेषेची स्वतःची नैसर्गिक रुंदीच १.६ मेगाहर्ट्झ आहे, तिचा मध्य रुंदीच्या सोळाव्या भागापर्यंत शोधायचा. हे हेलियममध्येच शक्य होतं कारण दोनच इलेक्ट्रॉन असल्यामुळे मास शिफ्ट त्या अचूकतेने काढता येतो, कॅनडातल्या विंडसर विद्यापीठात गॉर्डन ड्रेक यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय, त्या गणिताशिवाय हा प्रयोग सुरूच झाला नसता.

पर्याय

पहिला पर्याय कोलिनिअर लेझर स्पेक्ट्रोस्कोपी, एक्झॉटिक आयसोटोपसाठी सगळ्यात रुळलेली पद्धत. आयनांचा वेगवान बीम आणि लेझर एकाच रेषेत सोडायचे. बीम वेगवान झाला की अणूंच्या वेगातला आपसातला फरक दबतो आणि रेषा बारीक होते. पण वेग मोठा असल्याने डॉप्लर शिफ्टही (वेगामुळे रेषेची फ्रीक्वेन्सी सरकणं) मोठा, आणि तो काढायला अॅक्सिलरेटिंग व्होल्टेज अचूक माहीत हवं. हिशोब करून बघा, २० किलोव्होल्टच्या हेलियम बीममध्ये व्होल्टेज दहा हजारात एक भाग चुकलं तर हेलियम-४ आणि हेलियम-६ मधल्या फरकात वीसेक मेगाहर्ट्झची चूक येते. आपल्याला हवंय ०.१. पुढे बेरिलियमवर जिनिव्हाजवळच्या सर्न लॅबमधल्या आयसोल्डमध्ये यावर तोडगा निघाला, लेझर दोन्ही बाजूंनी सोडून आणि फ्रीक्वेन्सी कोम्ब (लेझरची फ्रीक्वेन्सी अचूक मोजायची जणू पट्टी) लावून व्होल्टेजचा प्रश्नच काढून टाकला आणि बेरिलियम-११ चा रेडियस मिळाला, पण ते २००९ मध्ये.

दुसरा पर्याय अणू थांबवून मोजणं, म्हणजे मॅग्नेटो-ऑप्टिकल ट्रॅप. सहा बाजूंनी लेझर, मध्ये चुंबकीय क्षेत्र, अणू जवळजवळ जागच्या जागी, डॉप्लरची कटकट नाही. वर एकच अणू असला तरी तो पुन्हा पुन्हा फोटॉन सोडत राहतो त्यामुळे दिसतो, आणि ट्रॅपमध्ये फक्त हवा तोच आयसोटोप अडकतो, बाकीचा कचरा आपोआप गळतो.

याची किंमत म्हणजे एफिशियन्सी. हेलियम ग्राउंड स्टेटमध्ये असताना हाताशी असलेल्या लेझरने पकडता येत नाही, आधी त्याला जवळपास २० इलेक्ट्रॉन व्होल्ट वरच्या मेटास्टेबल (वर जाऊनही बराच वेळ टिकणाऱ्या) अवस्थेत न्यावं लागतं. ती अवस्था एरवी दोन तासांहून जास्त टिकते, ती काळजी नाही, पण तिथे पोचवायला गॅस डिस्चार्ज वापरावा लागतो आणि त्यात लाखात एखादाच अणू पोचतो. पुढचे तोटे धरून एक कोटी अणू आत सोडले तर एक ट्रॅपमध्ये, एवढंच.

टीमने ट्रॅप निवडला. माझ्या मते या केसमधला हा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय. कोलिनिअरमध्ये अणू भरपूर मिळाले असते पण चूक अशी होती की कितीही अणू घेतले तरी ती कमी होणार नव्हती. ट्रॅपमध्ये अणू थोडे, पण उरलेल्या चुका एकेक करून तपासता येतील अशा.

रंगाचाही निर्णय होता. अणू पकडायला १०८३ नॅनोमीटरचा इन्फ्रारेड लेझर, मग मोजमापही त्यावरच का नाही? कारण ट्रॅपचाच प्रकाश सगळीकडे विखुरलेला, त्यात एका अणूचा उजेड कसा ओळखायचा, आणि त्या तरंगलांबीला डिटेक्टरही कमजोर. ३८९ नॅनोमीटर जांभळ्याच्या टोकाला, तिथे फोटोमल्टिप्लायर उत्तम चालतात आणि फिल्टर लावून १०८३ बाजूला काढता येतो. म्हणून पकडायला एक रंग, बघायला दुसरा.

काय केलं: हेलियम-६, आर्गॉन

सुरुवात सोप्या आयसोटोपपासून. आर्गॉनच्या अॅटलास अॅक्सिलरेटरमधून लिथियम-७ चा बीम तापवलेल्या ग्रॅफाइटवर सोडला, त्यात हेलियम-६ तयार झाला, गरम ग्रॅफाइटमधून बाहेर झिरपला आणि तिथून डिस्चार्ज, मग अणू मंद करणारी नळी, मग ट्रॅप. सेकंदाला दहा लाखाच्या आसपास हेलियम-६ तयार होत होते आणि तासाला शे-दीडशे ट्रॅपमध्ये येत होते.

मोजताना दोन गोष्टी सांभाळायच्या होत्या. ट्रॅपचा प्रकाश चालू असताना अणूच्या लेव्हल्स त्या प्रकाशानेच सरकतात, म्हणून ट्रॅप आणि मोजणारा लेझर आळीपाळीने वेगात चालू-बंद करायचे, एक चालू तेव्हा दुसरा बंद. दुसरं, मोजणारा लेझरही अणूला ढकलतो. फ्रीक्वेन्सी रेषेच्या खालच्या बाजूला असेल तर अणू थंड होतो, वरच्या बाजूला असेल तर तापतो, म्हणजे रेषेच्या दोन बाजू सारख्या राहत नाहीत आणि मध्य फसवा निघू शकतो. त्यामुळे त्या लेझरची पॉवर कमीच ठेवायची, दिसणं थोडं कमी झालं तरी चालेल.

२००४ मध्ये उत्तर आलं, हेलियम-६ चा चार्ज रेडियस २.०५४ फेम्टोमीटर, एरर ०.०१४. हेलियम-४ चा १.६७६ धरला तर प्रोटॉनचा पसारा पाव टक्का वगैरे नाही, चक्क वीस टक्क्यांच्या वर वाढला, न्यूट्रॉन घातल्यामुळे. आधीच्या पद्धतींमध्ये मॉडेल धरून चालावं लागायचं, इथे न्यूक्लियसच्या रचनेबद्दल काहीही गृहीत धरलेलं नव्हतं.

निर्णयाचं वळण: हेलियम-८ साठी कुठे जायचं

आर्गॉनमध्ये हेलियम-८ पुरेसा तयार होत नव्हता. फ्रान्समध्ये नॉर्मंडीतल्या काँ शहरात गॅनिल ही लॅब आहे, तिथल्या स्पायरल नावाच्या यंत्रणेतून हेलियम-८ चा जगातल्या चांगल्या बीमपैकी एक मिळत होता. आता आर्गॉनमध्येच जास्त उत्पादन करायच्या मागे लागायचं की नाजूक लेझर, ट्रॅप, व्हॅक्यूम सगळं उचलून समुद्रापार न्यायचं? त्यांनी यंत्रणाच हलवली. हे बोलायला सोपं, पण लेझर आणि ऑप्टिक्सची यंत्रणा नव्या जागी परत पहिल्यासारखी वागेल याची खात्री कोणी देत नाही.

इथे त्यांनी जे केलं ते मला फार आवडतं. बीमटाइम (बीम वापरायला मिळणारा वेळ) मोजकाच असताना थेट हेलियम-८ वर तुटून न पडता हेलियम-६ त्याच ठिकाणी, त्याच यंत्रावर परत मोजला. तिथे हेलियम-६ सेकंदाला पाचेक ट्रॅपमध्ये पडत होता, म्हणजे आकडे भराभर जमत होते आणि यंत्राच्या लपलेल्या खोडी त्यावर पकडता येत होत्या. उत्तर आर्गॉनच्या २००४ च्या उत्तराशी जुळलं. हे जुळलं नसतं तर हेलियम-८ च्या कुठल्याही आकड्यावर विश्वास ठेवायला जागाच नव्हती.

मग हेलियम-८. तासाला साधारण ३० अणू. सरासरी दोन मिनिटांनी एक अणू ट्रॅपमध्ये येणार, डिटेक्टरचा काउंट एकदम वर जाणार, आणि सेकंदाच्या काही अंशात अणू संपणार कारण हाफ लाइफच ११९ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात जे फोटॉन मिळतील ते फ्रीक्वेन्सीप्रमाणे वेगवेगळ्या खान्यांत टाकायचे आणि पुढच्या अणूची वाट बघायची. असं करत करत रेषा उभी राहते.

आणि एवढे कमी अणू असूनही त्यांनी ते एकाच रेषेवर खर्च केले नाहीत. ३८९ नॅनोमीटरची रेषा खरं तर जवळजवळच्या रेषांचा गट आहे, वरची लेव्हल फाइन स्ट्रक्चरमुळे तीन भागांत फुटलेली असते. हेलियम-६ साठी तिन्ही रेषा मोजल्या, हेलियम-८ साठी दोन. या रेषांचे आयसोटोप शिफ्ट वेगवेगळे येतात पण न्यूक्लियसच्या आकारामुळे आलेला वाटा सगळ्यांत सारखाच हवा. एका रेषेवर सगळे अणू लावले असते तर त्या रेषेचा स्टॅटिस्टिकल एरर घटला असता, दोन रेषांवर लावल्याने थिअरी आणि प्रयोग दोघांची उलटतपासणी झाली. वाटा सारखाच निघाला.

निकाल

२००७ मध्ये आकडे प्रसिद्ध झाले. वजाबाकीनंतर हेलियम-६ साठी सुमारे १.४८ मेगाहर्ट्झ उरले आणि हेलियम-८ साठी सुमारे ०.९२. या रेषेसाठी १ वर्ग फेम्टोमीटरला जवळपास १ मेगाहर्ट्झ (नेमकं १.००८) असा दर आहे, त्यामुळे हिशोब वहीवर करता येतो. हेलियम-४ च्या १.६७६ चा वर्ग २.८०९. त्यात १.४८ भागिले १.००८ मिळवा, ४.२८ च्या आसपास, वर्गमूळ २.०७. हेलियम-८ साठी २.८०९ अधिक ०.९१, वर्गमूळ १.९३. प्रसिद्ध झालेले आकडे २.०६८ (एरर ०.०११) आणि १.९२९ (एरर ०.०२६).

म्हणजे दोन न्यूट्रॉन अजून घातल्यावर प्रोटॉनचा पसारा आक्रसला! मॅटर रेडियस जवळपास तेवढाच आणि चार्ज रेडियस कमी. याचा अर्थ हेलियम-६ मध्ये दोन न्यूट्रॉन बऱ्यापैकी एका बाजूला राहून गाभ्याला हलवतात, हेलियम-८ मध्ये चार न्यूट्रॉन जास्त सारखे पसरतात आणि गाभा मध्याजवळ राहतो. थिअरीवाल्यांच्या गणितातही हाच कल होता. हा आकडा वाचून मला आजही भारावल्यासारखं होतं, न्यूट्रॉनला चार्ज नाही, लेझरला तो दिसत नाही, तरी तो कुठे बसलाय ते प्रोटॉनच्या हालचालीतून वाचता आलं.

काय वेगळं करता आलं असतं

२००७ च्या हेलियम-८ च्या एररमध्ये सगळ्यात मोठा वाटा लेझरचा नव्हताच, हेलियम-८ च्या वस्तुमानाचा होता. मास शिफ्ट थिअरी कितीही अचूक असली तरी तिच्यात वस्तुमान घालावंच लागतं, आणि ते तेव्हा जुन्या न्यूक्लियर रिअॅक्शनच्या मोजमापांवरून घेतलेलं होतं. साधा हिशोब असा की हेलियम-८ चं वस्तुमान १ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टने हललं तर मास शिफ्ट ९ किलोहर्ट्झने हलतो, आणि तेव्हाची अनिश्चितता सातेक किलो इलेक्ट्रॉन व्होल्टची, म्हणजे ६०-७० किलोहर्ट्झ तिथेच गेले. हेलियम-६ मध्ये तर १ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टला १५ किलोहर्ट्झ, फक्त त्याचं वस्तुमान जास्त चांगलं माहीत होतं, निदान तसं मानलं जात होतं.

नंतर व्हँकुव्हरच्या ट्रायम्फ लॅबमध्ये टायटन नावाच्या पेनिंग ट्रॅपवर (चुंबकीय आणि विद्युत क्षेत्रात आयन धरून वस्तुमान मोजणारं यंत्र) दोन्ही वस्तुमानं थेट मोजली गेली. हेलियम-८ चं काम २००८ मध्ये आलं, आणि २०१२ मध्ये हेलियम-६ धरून सुधारित आकडे. हेलियम-६ चं वस्तुमान जुन्या कोष्टकातल्या आकड्यापासून चार सिग्मा (सांगितलेल्या एररच्या चौपट) लांब निघालं. लेझरचं मोजमाप होतं तेच ठेवून नवी वस्तुमानं आणि हेलियम-४ चा तोवर किंचित सुधारलेला रेडियस घातला तर हेलियम-६ चा रेडियस २.०६० (एरर ०.००८) झाला आणि हेलियम-८ चा १.९५९ (एरर ०.०१६). हेलियम-८ मोठा झाला, हेलियम-६ लहान, दोघांतलं अंतर ०.१३९ वरून ०.१०१ वर आलं. चित्र तेच राहिलं, हेलियम-८ लहानच, पण थिअरीशी तुलना करणाऱ्याला हा फरक छोटा नाही.

मग वस्तुमान आधी मोजून घ्यायला हवं होतं का? माझं मत, हो, निदान दोन्ही कामं एकत्र आखायला हवी होती. कोणाचा दोष म्हणून म्हणत नाही, टायटन तेव्हा कुठे सुरू होत होता आणि लेझरवाल्यांनी वस्तुमानाचा वाटा पेपरच्या एरर टेबलमध्ये स्पष्ट वेगळा दाखवला होता. तो वेगळा दाखवल्यामुळेच पाच वर्षांनी दुसऱ्या कोणाला नवं वस्तुमान घालून रेडियस परत काढता आला, बीमटाइम न मागता. सगळे एरर एकत्र करून एकच आकडा छापला असता तर हे इतक्या सहज झालं नसतं. एररचा हिशोब सुटा सुटा लिहायची ही सवय प्रत्येक एमएस्सी प्रोजेक्टमध्ये लावावी असं मला मनापासून वाटतं.

हेलियम-४ चा रेडियस हा तिसरा धागा, कारण बाकी सगळे त्याच्या तुलनेत मोजलेत. २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटमध्ये म्युऑनिक हेलियमवरून (इलेक्ट्रॉनच्या जागी त्याहून जड म्युऑन बसवलेला हेलियम) तो १.६७८ फेम्टोमीटर असा कितीतरी जास्त अचूक मिळाला. त्याने हेलियम-८ चा आकडा फक्त ०.००२ ने हलतो, एररच्या खूप आत, म्हणजे तिकडून आता काळजी नाही.

आता हेलियम-८ मध्ये मोठा राहिलेला एरर लेझरच्या मोजमापाचाच आहे. तो खाली आणायचा तर जास्त अणू हवेत, आणि बीम दुप्पट करण्यापेक्षा डिस्चार्जमध्ये लाखात एकच अणू मेटास्टेबल होतो तिथे हात घालणं जास्त फायद्याचं, कारण तिथे दहापट सुधारणा झाली तर तासाला तीसचे तीनशे होतील.